एक तार, पाच दारं
(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी घासून झाली असतील. कुणी धान्य निवडत असेल, कुणी शिवणयंत्रावर बसली असेल, कुणी शेताच्या बांधावर भाकरीचं फडकं सोडत असेल. तुमचे हात चालू राहू द्या, कान मात्र मला द्या.

मी एका ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात संगणक चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जन्माची नोंद, वेगवेगळ्या योजनांचे अर्ज, हेच माझं रोजचं काम. आजचा माझा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा कसला विषय आणला या बाईनं? विषय आहे इंटरनेटच्या तारेचा. एकाच इमारतीत, एकाच आवारात चार-पाच सरकारी कार्यालयं असतात. त्यातल्या एकाच्या खोलीत तार येते आणि बाकीची कोरडी राहतात. ती तार सगळ्यांनी मिळून कशी वापरायची, ते आज सांगते. यात मी स्वतः एक मोठी चूक केली, तीही सांगणार आहे.

आधी आमचं आवार डोळ्यांपुढे आणा. मधे ग्रामपंचायतीची इमारत. तिच्यात पुढे ग्रामसेवक भाऊसाहेबांचं कार्यालय आणि त्याला लागून माझं सेवा केंद्र. डाव्या हाताला तलाठी भाऊसाहेबांची खोली. आता या दोघांच्याही पदांची नावं सरकारनं बदलली आहेत, पण गावाच्या तोंडी अजून जुनीच आहेत, म्हणून मीही तीच वापरते. मागच्या बाजूला आरोग्य उपकेंद्र. अंगणात, चिंचेखाली अंगणवाडी. आणि रस्ता ओलांडला की जिल्हा परिषदेची शाळा. पाच दारं, पाच खाती. पाचही ठिकाणी आज कागदापेक्षा जास्त काम मोबाइलवर आणि संगणकावर चालतं.

अंगणवाडीताईंना २०२१ पासून मुलांचं वजन, उंची, हजेरी सगळं पोषण ट्रॅकरवर भरावं लागतं. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी मॅडम ई-संजीवनीवरून दवाखान्यातल्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलू शकतात, म्हणजे पडद्यावर. शाळेला पटसंख्या भरायची असते. तलाठी भाऊसाहेबांचा सातबारा संगणकावर. माझं तर सगळंच त्या तारेवर.

आता ही तार आली कुठून? २०११ साली केंद्र सरकारनं देशातल्या सगळ्या ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूची केबल न्यायची असं ठरवलं. देशात अशा सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती आहेत. पुढे २०१५ मध्ये त्या योजनेचं नाव भारतनेट झालं. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर आपली माहिती जाते. प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएसपर्यंत वेग मिळावा, असं त्या योजनेचं उद्दिष्ट. १०० एमबीपीएस म्हणजे किती? साधा हिशेब सांगते. एका अर्जाला पाच कागदांचे फोटो जोडले, प्रत्येक फोटो २०० केबीचा धरला, तर सगळे मिळून १ एमबी होतात. पूर्ण वेग मिळाला तर अशा १२ अर्जांचे कागद एका सेकंदात जातील. प्रत्यक्षात तेवढा वेग क्वचितच मिळतो. पण त्याच्या चौथाई मिळाला तरी आमच्या पाचही दारांचं काम भागून उरेल. म्हणजे विहिरीला पाणी होतं. पाट मात्र एकाच वावरात सोडलेला होता.

आणि ही तार फक्त पंचायतीची आहे, असंही नाही बरं का. २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात स्वच्छ सांगितलं होतं की गावपातळीवरच्या अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं, सरकारी शाळा, रेशन दुकानं, टपाल कार्यालयं, पोलीस ठाणी, या सगळ्यांना ही जोडणी मिळावी. सरकारचा विचार पाचही दारांचा होता. पण तार ज्या खोलीत शिरली, त्या खोलीचं दार संध्याकाळी बंद व्हायचं आणि तिची किल्ली एका माणसाच्या खिशात असायची.

आता २०२४ चा पावसाळा आठवा. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते. महिन्याला १५०० रुपयांचा प्रश्न, त्यामुळे गावोगाव बायकांची नुसती झुंबड. आमच्या अंगणवाडीताई आपल्या मोबाइलवरून अर्ज भरत होत्या. अंगणवाडीत रेंज नाही. मग त्या कुठे बसल्या असतील? पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. वरून भुरभुर पाऊस, डोक्यावर दुसऱ्या बाईनं धरलेली छत्री, आणि खाली चाळीस-पन्नास बायका कागद पदराखाली धरून उभ्या. तिथून माझी खोली शंभर पावलांवर. माझ्या खोलीत भिंतीवर तो पांढरा डबा हिरवे दिवे लावून बसलेला. मी ते रोज पाहत होते. वाईट वाटायचं. पण हात हलवला नाही, हे खरं आहे. मनात यायचं, पंचायतीची वस्तू आहे, आपण कोण देणारे?

मग श्रावणात ती गोष्ट घडली.

गावातली एक सून सातव्या महिन्यात होती. रक्त कमी होतं, लोहाच्या गोळ्या घेतल्या की उलट्या व्हायच्या, म्हणून तिनं गोळ्याच बंद केल्या होत्या. ती उपकेंद्रात आली. मॅडमनी तपासलं आणि डॉक्टरांना पडद्यावर विचारून घेऊ म्हणून स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. चित्र गोठलं. पुन्हा लावला, आवाज तुटला. तिसऱ्यांदा तर लागलाच नाही. मॅडम पंचायतीच्या दाराशी आल्या, तर दाराला कुलूप. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे दोन गावांचा कारभार, त्या दिवशी ते दुसऱ्या गावी. शिपाई बाजाराला. मी तहसीलला गेलेले. शेवटी त्या पोरीला नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. २२ किलोमीटर, पावसातला रस्ता. ओढ्याच्या पुलाजवळ गाडी घसरली.

मैत्रिणींनो, घाबरू नका. पोटातलं बाळ सुखरूप राहिलं. तिचं कोपर आणि गुडघा सोलवटला. पण रुग्णालयात नेल्यावर, तपासणी होऊन डॉक्टर येईपर्यंत, बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत त्या घरानं जे भोगलं असेल, ते मी सांगायला नको. आणि डॉक्टरांनी सल्ला काय दिला? गोळी जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाणी प्या, आणि इतकं करूनही सोसली नाही तर इंजेक्शनसाठी या. एवढं तर पडद्यावरही सांगता आलं असतं.

त्या रात्री तिच्या सासूबाई माझ्या दारात आल्या. भांडायला नाही. ओट्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “बाई, मला त्यातलं काही कळत नाही. पण ती तार तुझ्या खोलीत आहे म्हणतात. मग ती माझ्या सुनेला का नव्हती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो तसाच ठेवला.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागाच्या भरात वायफायचा पासवर्ड पाच चिठ्ठ्यांवर लिहिला आणि पाच दारांत नेऊन दिला. म्हटलं, घ्या, वापरा. तोच तो पासवर्ड, जो माझ्या संगणकालाही होता. मोठं काम केलं असं वाटलं. आठ दिवस छान गेले. मग चिठ्ठी या हातातून त्या हातात गेली. शाळेतल्या पोरांना कळला, पोरांकडून त्यांच्या भावांना. संध्याकाळी पंचायतीच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस तरुण मोबाइल घेऊन बसायला लागले. सिनेमे उतरवणं, क्रिकेट बघणं. मग दिवसाही तेच. माझा एक अर्ज जायला अर्धा तास. अंगणवाडीताई परत टाकीच्या पायऱ्यांवर.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. माझ्या खोलीत येणंजाणं वाढलं. “ताई, जरा एक कागद काढू का?” म्हणून कुणीही माझ्या संगणकावर बसायला लागलं. मी नाही म्हणेना, कारण सगळ्यांचं आहे ना! माझं लॉगिन उघडंच असायचं. एक दिवस एका बाईंच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज माझ्या लॉगिनवरून भलत्याच नावानं गेला. कुणी केला, आजही ठाऊक नाही. मुद्दाम केला असंही मी म्हणत नाही. पण नोंदीत नाव माझं. अर्ज फेटाळला गेला, पुन्हा भरावा लागला आणि त्या बाईंच्या लेकीच्या शिष्यवृत्तीची मुदत अवघ्या एका दिवसानं हुकता हुकता वाचली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती नजर चुकवत होती की मी, कोण जाणे.

कुलूप लावून ठेवलं तेव्हा कुणाला मिळालं नाही. कुलूप फेकून दिलं तेव्हाही ज्याला गरज होती त्याला मिळालं नाहीच. म्हणजे वाटायचं कसं, हेच आम्हाला येत नव्हतं.

ते शिकवलं आमच्या गावच्या एका मावशींनी. दूरध्वनी केंद्रात पस्तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि माहेरच्या घरात राहायला आल्या. गाव त्यांना टेलिफोनवाल्या मावशी म्हणतं. मी त्यांच्यापुढे जाऊन रडगाणं गायलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, पाणी वाटायचं तर विहिरीवर सगळ्यांनी एकदम पोहरे टाकायचे का? पाळी असते, पाट असतात, पाटाला दारं असतात. तारेचंही तेच. तार वाटायची, किल्ली वाटायची नाही.”

मग त्यांनी मला समजावलं ते तुम्हाला सांगते. भिंतीवरच्या त्या डब्याला पुढे राउटर जोडतात. त्या राउटरमधून एकाच तारेवर वेगवेगळी वायफाय नावं काढता येतात. दिसायला पाच, पण तार एकच. उपकेंद्राचं वेगळं, अंगणवाडीचं वेगळं, शाळेचं वेगळं, पंचायतीचं वेगळं आणि आल्यागेल्या लोकांसाठी पाहुण्यांचं वेगळं. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा. नीट आखणी केली तर एका पाटावरचा मोबाइल दुसऱ्या पाटावरचा संगणक पाहूच शकत नाही. म्हणजे पायऱ्यांवरच्या पोराला माझ्या संगणकातली फाइल दिसणार नाही आणि उपकेंद्रातल्या बायकांच्या तपासण्या पंचायतीत कुणाला दिसणार नाहीत. शिवाय प्रत्येक पाटाला किती पाणी सोडायचं, तेही ठरवता येतं. पाहुण्यांच्या पाटाला थोडं, उपकेंद्राच्या पाटाला पहिलं.

हे ऐकलं आणि डोक्यातला गुंता निम्मा सुटला. उरलेला निम्मा तारेचा नव्हताच, माणसांचा होता.

तुम्हाला माहीत आहे, आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आमच्या सरपंचताईंनी ती खरोखर घेतली. अंगणवाडीताई, आशाताई, उपकेंद्राच्या मॅडम, बचत गटातल्या बायका, टेलिफोनवाल्या मावशी, सगळ्या आल्या. त्या सासूबाईसुद्धा आल्या. जन्मात पहिल्यांदा सभेला आले, असं त्याच म्हणाल्या.

तिथून विषय ग्रामसभेत गेला. तिथे एकेकाची अडचण पुढे आली, आणि खरं सांगते, कुणाचीच अडचण खोटी नव्हती. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, “ताई, तार पंचायतीच्या नावावर आहे. तिच्यावरून कुणी काही गैर केलं तर पहिली विचारणा मला होणार.” बरोबर आहे. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, “जमिनीच्या नोंदी आहेत, आमच्या खात्याला विचारल्याशिवाय मी दुसऱ्याच्या वायफायवर संगणक जोडणार नाही.” हेही बरोबर. मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, “रस्त्यापलीकडे तार आणायचा खर्च कोण करणार?” आणि मागून एक अण्णा म्हणाले, “विजेचं बिल कुणी भरायचं?”

बिलाचा हिशेब मावशींनी तिथल्या तिथे केला. तो डबा आणि राउटर मिळून १२ वॉट वीज खातात असं धरलं, दिवसरात्र चालू ठेवले, तरी महिन्याला नऊ युनिटही होत नाहीत. सभेत हशा पिकला. अण्णाही हसले आणि खाली बसले.

मग ठराव झाला. तो मी तुम्हाला सावकाश सांगते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या, तुमच्या गावाला उपयोगी पडेल.

पहिलं, डब्याची जागा. डबा आणि राउटर खोलीतून काढून दोन्ही बाजूंनी जाता येईल अशा बोळातल्या जाळीच्या कपाटात ठेवायचे. कपाटाच्या दोन किल्ल्या, एक शिपायाकडे आणि एक उपकेंद्रात. पंचायत बंद असली तरी तार बंद नाही. वीज गेली तर चालावं म्हणून बॅटरी त्याच कपाटाजवळ.

दुसरं, पाच दारांना पाच वेगळी नावं, पाच पासवर्ड. आणि एक वही. कोणता पासवर्ड कुणाला कोणत्या तारखेला दिला, त्याची सही. बदली झाली, नोकरी सुटली की त्याच दिवशी तो पासवर्ड बदलायचा.

तिसरं, अडचणीच्या वेळी आधी कोण? पहिलं उपकेंद्र. डॉक्टरांशी बोलणं चालू असेल तर बाकीच्यांनी थांबायचं. त्यानंतर ज्या अर्जाची मुदत संपत आली आहे तो. मग बाकीची कामं. कॅमेऱ्याचं चित्रीकरण तारेवरून बाहेर पाठवायचं नाही, इथल्या इथेच साठवायचं, कारण ते दिवसरात्र तार अडवून बसतं.

चौथं, पायऱ्यांवरची मुलं. त्यांना हाकलायचं नाही. तीही आपलीच आहेत, कुणी पोलीस भरतीचा अभ्यास करतं, कुणी नोकरीचा अर्ज भरतं. त्यांना पाहुण्यांचं वायफाय, संध्याकाळी पाचनंतर. २०२० च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं पीएम-वाणी नावाची योजनाही आणली आहे. तिच्यात किराणा दुकानदार किंवा बचत गटालासुद्धा वायफाय लोकांना देता येतं, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. आमचा गट त्याचा विचार करतो आहे.

पाचवं, ज्याचं लॉगिन त्याचं. तार सगळ्यांची, पण सरकारी कामाचं प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड ज्याचं त्यानंच वापरायचं. खुर्चीवरून उठताना लॉगिन बंद. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलम सभेत मी स्वतः वाचून दाखवलं आणि माझी चूकही सांगितली. पाय लटपटत होते. पण सांगून झाल्यावर हलकं वाटलं.

सहावं, पैसा. राउटर, कपाट आणि वीज पंचायतीच्या निधीतून. आपापल्या खोलीपर्यंतची तार ज्याची त्यानं ओढायची. अंगणवाडीकडे निधी नाही, म्हणून तिची तार पंचायतीनं महिला व बालकल्याणाच्या खर्चातून.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. साधी तांब्याची जाळ्याची तार १०० मीटरच्या पुढे चालत नाही. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं जळतात. शाळेपर्यंत आम्ही काचेच्या तंतूचीच तार नेली. काचेतून वीज वाहत नाही.

मैत्रिणींनो, ही अडचण काही फक्त आपल्या खेड्याची नाही. तालुक्याच्या गावची प्रशासकीय इमारत पाहा. एकाच जिन्यानं वर जाताना तहसील, कृषी, दुय्यम निबंधक, कोषागार, अशी किती खाती लागतात. पुष्कळ ठिकाणी प्रत्येकाची तार वेगळी, बिल वेगळं, आणि एकाची बंद पडली तर शेजारी चालू असूनही त्याचा उपयोग नाही.

परदेशात यावर एक छान तोड काढली आहे. वीसेक वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्यापीठांनी एडुरोम नावाची सोय सुरू केली. एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात गेला तरी आपल्याच नाव-पासवर्डनं तिथलं वायफाय वापरतो. भारतातही काही शिक्षणसंस्थांत ही सोय आहे. ब्रिटनमध्ये तशीच सोय सरकारी इमारतींसाठी केली. नगरपालिकेचा माणूस दवाखान्याच्या इमारतीत बसला, परिचारिका नगरपालिकेच्या इमारतीत आली, तरी वायफाय आपोआप जोडलं जातं. कसं? समजा, तुम्ही अनोळखी गावात गेलात. दारावरच्या माणसानं तुमच्या माहेरी फोन लावून विचारलं, “ही लेक तुमचीच का?” माहेरानं हो म्हटलं की दार उघडलं. तुमच्या घरची किल्ली तुम्ही त्या दारवानाच्या हाती दिलीच नाही. ओळख माहेराकडे, दार शेजाऱ्याचं. आमच्या गावात एवढी यंत्रणा नाही. आमची आपली सहीची वही आहे. पण दोन्हीकडे विचार तोच आहे. आपल्या इमारतीत आलेल्या दुसऱ्या खात्याच्या माणसाला परका समजायचं नाही, आणि कोण आलं गेलं ते माहीत असायला हवं.

आता विचाराल, सगळं सुरळीत झालं का? नाही. तलाठी भाऊसाहेबांचा संगणक अजून त्यांच्या खात्याच्या तारेवरच आहे आणि आम्ही तो आग्रह सोडला. उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपलाइनसाठी यंत्रानं खणताना काचेची केबल तुटली, अकरा दिवस सगळे दिवे लाल. तेव्हापासून पंचायतीनं सिमकार्डावर चालणारा एक छोटा राउटर ठेवला आहे, फक्त उपकेंद्र आणि अर्जांसाठी. २०२३ मध्ये केंद्रानं भारतनेटसाठी नव्यानं सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यात केबल गोल कड्यासारखी जोडायची आहे. सरळ दोरी एका जागी तुटली की पुढचं सगळं सुटतं. कड्यात एकीकडून वाट बंद झाली तर दुसरीकडून जाता येतं. ते आमच्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर खणण्याआधी पंचायतीत विचारा, एवढं आम्ही फलकावर लिहिलं आहे.

वहीत सह्या करायला लोक कंटाळतात. मी मागे लागते. मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

पण अंगणवाडीताई आता आत बसून, मुलांच्या घोळक्यात वजनं भरतात. आणि मागच्या महिन्यात उपकेंद्रात एका आजींच्या पायाची जखम मॅडमनी डॉक्टरांना पडद्यावर दाखवली. डॉक्टरांनी बघून सांगितलं, हिला आजच्या आज घेऊन या. तार होती म्हणून प्रवास वाचतोच असं नाही. कधी कधी तार असते म्हणून प्रवास वेळेवर होतो.

तर मैत्रिणींनो, तुम्ही काय कराल? उद्या आपल्या गावच्या आवारात एक फेरी मारा आणि पाच गोष्टी विचारा. तार कोणत्या खोलीत येते? ती खोली बंद असली की तार वापरता येते का? तिची किल्ली कुणाकडे आहे? उपकेंद्र आणि अंगणवाडी तिला जोडली आहेत का? आणि नसतील तर का नाहीत? उत्तरं घेऊन पुढच्या महिला सभेत बसा. तांत्रिक भाषा आली नाही तरी चालेल. त्या सासूबाईंना कुठे येत होती? “ती माझ्या सुनेला का नव्हती?” एवढंच त्यांनी विचारलं होतं.

त्या सुनेला मुलगी झाली. आता ती पोर चिंचेखालच्या अंगणवाडीत वजनाला येते. काट्यावर बसायला तयारच नसते, आजीचा पदर घट्ट धरते. ताई वजन घेतात, मोबाइलवर भरतात, आणि माहिती गेली की आजी माझ्या खिडकीकडे बघून हात वर करते. मीही करते.

तुमच्या गावातली गोष्ट काय आहे, ती आम्हाला जरूर कळवा.